ऐंशीला लॉक

सपाट रस्त्यावर डाव्या लेनने एक मालट्रक चाललेला असतो. मागून दुसरा येतो आणि त्याच्या उजवीकडून पुढे निघू पाहतो. दोघांचेही ड्रायव्हर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून बसलेले, दोघांच्याही गाड्या 'ऐंशीला लॉक', म्हणजे लिमिटर नावाच्या वेगमर्यादा यंत्राने ताशी ८० किलोमीटरवर अडवलेल्या. तरी मागचा किंचित जास्त पळतो, ताशी २ किलोमीटरने. दोन्ही ट्रक १२-१२ मीटर लांब धरा. मागच्याने २० मीटर आधी लेन बदलली आणि पुढे जाऊन २० मीटर अंतर पडल्यावर परत डावीकडे घेतली, तर त्याला पुढच्या ट्रकपेक्षा ६४ मीटर जास्त कापायचे आहेत. ताशी २ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम ५६ सेंटिमीटर. म्हणजे ११५ सेकंद गेले, आणि तेवढ्यात दोन्ही ट्रक अडीच किलोमीटर पुढे गेले. मागे गाड्यांची रांग लागते. कुणी डिपर मारतो, कुणी वैतागून अगदी डाव्या कडेने घुसतो. जर्मनीत या प्रकाराला 'हत्तींची शर्यत' म्हणतात.

दोन्ही ट्रक ऐंशीलाच लॉक असतील तर हा २ किलोमीटरचा फरक येतो कुठून? बहुतेक वेळा तो टायरमधून येतो. १०.०० आर २० मापाच्या नव्या रेडियल टायरचा व्यास साधारण १०५० मिलिमीटर भरतो. नक्षी घासून १४ मिलिमीटर रबर गेलं की व्यास २८ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. वेग मोजणारा सेन्सर बहुतेक ट्रकमध्ये गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बसलेला असतो. तो फक्त फेरे मोजतो, रस्ता त्याला दिसत नाही. नव्या टायरवर चाकाचे सेकंदाला जवळजवळ सात फेरे झाले की ताशी ८० होतात. तेवढेच फेरे घासलेल्या टायरवर झाले तर गाडी ७८ने चाललेली असते, पण यंत्राच्या लेखी ते ८०च. मागच्या जोड्या रिमोल्ड करून घेतल्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवून घेतलं, की आकडा पुन्हा वर सरकतो. हवा कमी असली, माल जास्त भरला, तरी थोडा हलतो. नियमात ८० हा एक ठाम आकडा आहे. रस्त्यावर तो रबराच्या जाडीप्रमाणे मागेपुढे होत राहतो, आणि लिमिटरबद्दल बोलताना हे आधी लक्षात घेतलं पाहिजे असं मला वाटतं.

आपल्याकडचा नियम तसा सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११८वा नियम वेगमर्यादा यंत्राबद्दलचा. २०१५ च्या अधिसूचनेने तो सगळ्या व्यावसायिक वाहनांवर आला: १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेली वाहनं जास्तीत जास्त ८०ला बांधायची, आणि डंपर, टँकर, स्कूल बस व धोकादायक माल नेणारी वाहनं ६०ला. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना सूट. छोट्या प्रवासी गाड्यांनाही सुरुवातीला सूट होती, पुढे टॅक्सी त्यातून बाहेर निघाल्या आणि त्याही ऐंशीला बांधल्या गेल्या. यंत्र कसं असावं हे सांगणारं मानक म्हणजे एआयएस-०१८. त्या मानकानुसार चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यातली, वेताळ टेकडीवरची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया.

या यंत्राला 'गव्हर्नर'ही म्हणतात, आणि हा शब्द मोटारीपेक्षा जुना. १७८८ मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे बसवले. इंजिन वेगाने फिरलं की गोळे बाहेर फेकले जायचे आणि त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटायचा. डिझेल इंजिनाच्या जुन्या पंपात हीच रचना वजनं आणि स्प्रिंगच्या रूपात बसलेली असायची, कारण डिझेल इंजिनाला ती लागतेच. नाहीतर हलक्या भारावर ते स्वतःला फाटेपर्यंत फिरेल. म्हणून जुन्या ट्रकना वेगळ्या लिमिटरची फारशी गरज नव्हती. समजा पंपाने इंजिन २४०० फेऱ्यांवर अडवलंय, टॉप गिअर सरळ एकास एक, मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ६ (शाफ्टचे सहा फेरे, चाकाचा एक) आणि टायरचा घेर सव्वातीन मीटर. २४०० भागिले ६ म्हणजे ४०० फेरे, गुणिले सव्वातीन म्हणजे मिनिटाला १३०० मीटर, म्हणजेच ताशी ७८ किलोमीटर. गाडीचा टॉप तिच्या गिअरमध्येच लिहिलेला होता. पुढे टर्बो आला, शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा ओव्हरड्राइव्ह गिअर आला, डिफरन्शियलचं गुणोत्तर खाली आलं, रस्ते सहापदरी झाले. त्याच इंजिनाच्या फेऱ्यांवर ट्रक शंभरी गाठू लागला आणि बाहेरून लगाम घालायची वेळ आली.

हा लगाम तीन तऱ्हांनी बसतो, आणि प्रत्येकाची दुखणी वेगळी.

पहिली तऱ्हा जुन्या गाड्यांवर नंतर बसवलेल्या यंत्राची. डिझेलच्या लाइनमध्ये एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, घालतात. वेग ८०ला आला की व्हॉल्व्ह लाइन आवळतो, ७७-७८ला आला की सोडतो. व्हॉल्व्हला फक्त उघड-बंद एवढंच येत असेल तर गाडी धक्के खात चालते: डिझेल कट, पिकअप मेला, परत डिझेल, परत झटका. भरलेल्या बसमध्ये हे मागच्या सीटवर बसलेल्याला सगळ्यात आधी कळतं. त्यात लाइन आवळल्यावर पंप डिझेल ओढत राहतो आणि ओढ वाढते. जोडावरचा एखादा वॉशर ढिला असेल तर तिथून हवा आत शिरते. गाडीने एअर घेतली की रस्त्याच्या कडेला थांबून हातपंपाने एअर काढण्यावाचून गत्यंतर नाही. दोष यंत्राचा असो वा वॉशरचा, ड्रायव्हर यंत्र उपटतो.

दुसरी तऱ्हा इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरच्या गाड्यांची. इथे पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही, विजेचा इशारा जातो. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, आणि बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोब्बर दुप्पट ठेवलेलं असतं. पाय उचललेला असताना पाऊण व्होल्ट आणि त्याच्या निम्मं, पूर्ण दाबल्यावर चारच्या जवळ आणि त्याच्या निम्मं, अशा जोडीने ते चालतात. इंजिनाचा संगणक दोघांची जोडी सतत ताडून पाहतो. एक सेन्सर बिघडून आपोआप रेस वाढू नये म्हणून ही सोय. बाहेरून बसवलेला लिमिटर पेडल आणि संगणक यांच्या मध्ये बसतो आणि वेग हद्दीला आला की 'पाय थोडा उचललाय' असा इशारा पुढे देतो. चांगलं यंत्र दोन्ही व्होल्टेज एकाच प्रमाणात उतरवतं. स्वस्त यंत्रात एक थोडं आधी उतरतं. संगणकाला जोडी जुळत नाही, तो बिघाड नोंदवतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि गाडीला लंगड्या चालीवर आणतो. मग भर रस्त्यात ट्रक ४०च्या वर जात नाही. गॅरेजमध्ये पेडल बदलतात, पंप बदलतात, खर्च होतो आणि तक्रार तशीच. अशा वेळी लिमिटर काढून पेडलचा मूळ कनेक्टर तात्पुरता जोडून बघावा. बिघाड गेला तर दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. नंतर यंत्र बदलून घ्यावं, कनेक्टर तसाच ठेवून गाडी पळवू नये.

तिसरी तऱ्हा सगळ्यात बरी: कारखान्यातच इंजिनाच्या संगणकात घातलेली मर्यादा. वेगळा डबा नाही, वेगळी वायर नाही. वेग हद्दीजवळ येऊ लागला की संगणक डिझेल आधीपासूनच हळूहळू कमी करत नेतो, त्यामुळे गाडी ८०ला आपटत नाही, टेकते.

तिन्ही तऱ्हांचा कान मात्र एकच, वेगाचा सेन्सर. पावसाळ्यात त्याच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. टोकाला चुंबक असेल तर गिअरबॉक्समधला लोखंडी चुरा त्याला चिकटतो. वायर नीट बांधलेली नसेल तर प्रोपेलर शाफ्टला घासून उघडी पडते. उभ्या गाडीत उंदीर कुरतडतात. मीटरचा काटा उड्या मारू लागला की यंत्राला दोष देण्याआधी सेन्सर काढून पुसावा, कनेक्टर उघडून पाहावा. चांगल्या यंत्राला इशारा मिळेनासा झाला तर ते गाडी मोकळी सोडत नाही, खालच्या वेगावर अडवतं. ड्रायव्हरला हा बिघाड वाटतो. वास्तविक यंत्र आपलं काम करत असतं.

तपासणी कुणालाही करता येते. सरळ, मोकळा रस्ता, टायरमध्ये पूर्ण हवा, मोबाइलवर जीपीएसचा वेग. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि वेग स्थिर झाल्यावर अर्धा मिनिट तसाच ठेवायचा. मीटरच्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण काटा बहुधा जास्तच दाखवतो. युरोपातल्या नियमात तर काट्याने खऱ्यापेक्षा कमी दाखवणं मुळीच चालत नाही, जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर इतकी सवलत आहे. म्हणजे खऱ्या ८०ला काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो. जीपीएसवर ७८ ते ८१ आलं तर ठीक. ८६-८७ आलं तर टायरचं माप बदललंय आणि यंत्राला कुणी सांगितलेलं नाही. टायरचं माप बदललं की कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावंच लागतं. त्यानंतर सील आणि सर्टिफिकेटवरचा नंबर जुळवून पाहावा.

सीलची गोष्ट बोलायला हवी. पासिंगच्या दिवशी यंत्र चालू आणि दुसऱ्या दिवशी त्याची वायर मोकळी, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सर्टिफिकेट फाइलमध्ये, यंत्र डॅशबोर्डच्या खाली लोंबकळतंय. याचा मला मनापासून राग येतो, पण तो एकट्या ड्रायव्हरवर काढणं अन्यायाचं होईल. खेपेवर पैसे, वेळेवर न पोचल्यास भाड्यातून कपात, आणि भाजीपाल्याची गाडी पहाटे चारच्या आत बाजारात लागली नाही तर माल पडून. अशा माणसाला ८० आणि ९० मधला फरक मोठा वाटणारच. ३०० किलोमीटरला ८०ने पावणेचार तास लागतात, ९०ने तीन तास वीस मिनिटं. २५ मिनिटांची ही बचत एका टोलवर किंवा एका चहावर जाते. उलट बाजूला भरल्या गाडीची धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ९०ला ती ८०च्या सव्वापटीहून जास्त. थांबायचं अंतरही त्याच हिशेबाने लांबतं. चांगल्या ब्रेकचा ट्रक कोरड्या रस्त्यावर ८०वरून थांबायला ५० मीटर घेतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला तर त्यात आणखी ३३ मीटर.

टॅक्सीवाल्यांची तक्रार मात्र मला खरी वाटते. दुपदरी रस्त्यावर ७५ने जाणाऱ्या ट्रकला ओलांडताना हाताशी फक्त ५ किलोमीटरचा फरक असतो. सुरक्षित अंतर राखून पुढे निघायला ४० सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी ९०० मीटर जाते, समोरच्या लेनमध्ये. अशा जागी ओव्हरटेक करूच नये हे उत्तर बरोबर आहे. पण ते उत्तर ड्रायव्हरला आधी माहीत हवं, लेनमध्ये घुसल्यावर पिकअप मेला की कळून उपयोग नाही.

खाजगी मोटारींवर आपल्याकडे असं बंधन नाही, तिथे फक्त बीप आहे. १ जुलै २०१९ पासूनच्या मोटारी ८० ओलांडल्यावर थांबून थांबून आणि १२० ओलांडल्यावर सलग वाजतात. जगात इतरत्र मोटारींना ज्या मर्यादा आहेत त्या पुष्कळशा कायद्याने आलेल्या नाहीत. जर्मन कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपसात ठरवून आपल्या वेगवान गाड्या २५०ला बांधल्या. जपानी कंपन्यांनी घरच्या बाजारात १८०ला. मोटरसायकल कंपन्यांची ३०० ओलांडायची चढाओढ लागली तेव्हा त्यांनीही २०००च्या सुमारास २९९वर थांबायचं ठरवलं. व्होल्वोने २०२० पासून आपल्या सगळ्या नव्या मोटारी १८०ला बांधल्या.

आणि काही मर्यादा निव्वळ टायरच्या असतात. टायरच्या बाजूवर मापानंतर एक अक्षर असतं: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. इंजिनात कितीही दम असो, कारखान्यातून एस टायर लावून निघालेली गाडी १८०च्या आतच अडवतात. याचं टोकाचं उदाहरण बुगाटीचं. २ ऑगस्ट २०१९ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या चाचणी ट्रॅकवर शिरॉनने ४९०.४८ची नोंद केली. त्यानंतर ग्राहकांसाठी बनवलेली गाडी कंपनीने ४४०वर बांधून ठेवली. त्या वेगाला सगळ्यात आधी हात टेकतं ते रबर.

टायरवरचं हे अक्षर पूर्ण हवेसाठी आणि ठरलेल्या वजनासाठी असतं, आणि हे आपल्याकडे कुणी वाचत नाही. समृद्धी महामार्गाची रचना १५०च्या वेगासाठी आहे, मोटारींना मर्यादा १२०ची. विदर्भातल्या मे महिन्यात, तापलेल्या काँक्रीटवर, तासन्‌तास एकाच वेगाने, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन जाताना हवा पाच-सहा पौंड कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते. १२०ला मोटारीचं चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेतं. दर दुमडीत थोडी उष्णता, आणि ती बाहेर पडायला उसंत नाही. १९०चा टायर १२०ला फुटतो तो असा. मोटारीला इलेक्ट्रॉनिक मर्यादा नसताना ती जबाबदारी हवेच्या गेजवर येते. प्रवासाला निघताना, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरमधल्या पूर्ण भाराच्या आकड्याएवढी हवा भरावी. गरम टायर जास्त हवा दाखवतो म्हणून ती काढून टाकू नये.

दुसऱ्या टोकाला २५ किलोमीटरची इलेक्ट्रिक स्कूटर. नियमाप्रमाणे २५० वॉटच्या आतली मोटर, २५च्या आतला वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आतलं वजन असेल तर ते मोटार वाहनच ठरत नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, विमा नको. २५० वॉट आणि २५ किलोमीटर ही जोडीही हवेतून आलेली नाही. माणूस धरून १४० किलोची स्कूटर सपाट रस्त्यावर २५ने चालवायला ढोबळ हिशेबाने २६० वॉट लागतात. तीच ४५ने पळवायची तर हवेच्या विरोधामुळे साडेनऊशेहून जास्त. वेग दुपटीहून कमी वाढला, ताकद जवळजवळ चौपट लागली आणि एका चार्जवरचं अंतर निम्म्यावर आलं. मर्यादा कंट्रोलरच्या एका वायरीत किंवा सेटिंगमध्ये असते, आणि ती काढून देणारे गल्लोगल्ली भेटतात. कंट्रोलर तापतो, वायरींच्या टोकांचे लग वितळतात, बॅटरी मध्येच कट होते, ही सगळी त्याची फळं. ब्रेक मात्र २५ धरूनच बसवलेले असतात, आणि ४५ला त्यांना सव्वातीनपट ऊर्जा जिरवावी लागते. त्यातून ही गाडी कायद्याच्या नजरेत आता बिनानोंदणीचं, बिनाविम्याचं मोटार वाहन. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांवर मोहीम काढली होती. मुलाच्या हट्टापायी वायर तोडून आणणाऱ्या पालकाने अपघातानंतर दावा कुणाकडे करायचा, याचा विचार आधी करावा.

शेवटी घाट. लिमिटरला देता येतं ते एवढंच: डिझेल कमी. ब्रेक त्याच्या हातात नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. २५ टनांच्या ट्रकसाठी ही ऊर्जा ४०० लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्याइतकी होते. ती कुठेतरी जिरायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खातं, धुराची वाट आवळून इंजिनाला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावला तर आणखी. न्यूट्रल मारलं तर सगळी ऊर्जा ब्रेक ड्रममध्ये. लायनर तापून धरेनासे होतात, वास येतो, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन त्या वेळी संथ आयडलवर असतं, म्हणजे लिमिटरला कापायला डिझेलच नाही. ऐंशीला लॉक असलेली गाडी अशी शंभरच्या पुढे जाते आणि यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं.

न्यूट्रल मारतात ते डिझेल वाचवायला, आणि नेमकं तेच वाचत नाही. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून उतरताना इंजिनाला चाकं फिरवतात आणि संगणक डिझेल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःचं आयडल राखायला डिझेल लागतं. घाट उतरताना गिअरमधली गाडी न्यूट्रलच्या गाडीपेक्षा कमी पिते.

ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरायचं, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं अजूनही पुरतं. उतार लागण्याआधी कडेला थांबायचं, ब्रेकच्या हवेचे दोन्ही काटे पूर्ण वर आहेत का पाहायचं, क्लिनरने खाली उतरून ड्रमजवळ हात नेऊन कुठला तापलाय का ते बघायचं. मग खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा आणि ३०-४०वर गाडी सोडायची. उतार सुरू झाल्यावर खालचा गिअर पडेलच असं नाही.